कानांनी लावलेला क्रम

दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी चित्रपटांचे ध्वनिवर्णन लिहिणे आणि खेळाच्या वेळी ते प्रत्यक्ष वाचणे हे माझे काम आहे. पडद्यावर जे घडते पण ऐकू येत नाही, ते संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत, वर्तमानकाळात आणि कमीत कमी शब्दांत सांगायचे, आपले मत त्यात मिसळू द्यायचे नाही आणि पुढे काय होणार याची चाहूल आपल्या आवाजातून लागू द्यायची नाही, हे त्याचे मुख्य नियम. कौटुंबिक आणि विनोदी चित्रपट आम्ही बरेच केले होते. भयपटाची मागणी श्रोत्यांकडूनच आली, तेव्हा रामगोपाल वर्मांचा एखादा चित्रपट घ्यावा असे ठरले, कारण हिंदी भयपटाला हवेलीतून आणि स्मशानातून बाहेर काढून साध्या बिऱ्हाडात आणि उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये आणून बसवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांचा कोणता चित्रपट घ्यायचा, हे ठरवण्यासाठी एका शनिवारी नेहमीच्या श्रोत्यांपैकी तिघांना आम्ही कार्यालयात बोलावले. बँकेतून टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले एक काका, संगीत शिकवणाऱ्या एक बाई आणि महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा असे ते तिघे. बाई आणि तो मुलगा जन्मापासून दृष्टिहीन आहेत; काकांची दृष्टी चाळिशीनंतर गेली.

सहा चित्रपट निवडले होते. ‘रात’ (1992), ‘कौन’ (1999), ‘भूत’ (2003), ‘फूँक’ (2008), ‘अज्ञात’ (2009) आणि ‘भूत रिटर्न्स’ (2012). कथा तिघांनाही साधारण ठाऊक होत्या. प्रत्येकातला निवडक भाग आधी वर्णनाशिवाय लावायचा, मग तोच भाग मी मराठीत वर्णन वाचत असताना पुन्हा लावायचा आणि शेवटी उत्तमापासून टाकाऊपर्यंत क्रम लावायचा, अशी पद्धत ठरली. माझा क्रम मनात तयार होता. त्यात ‘भूत’ पहिला होता आणि त्याखाली ‘रात’. ‘कौन’ला मी तिसरा ठेवला होता, कारण त्यात भूत नाही आणि त्याला भयपट म्हणावे की रहस्यपट, याविषयी माझ्या मनात शंका होती.

सुरुवात ‘भूत’पासून केली. गाणे नसलेला, सलीम-सुलेमान यांच्या पार्श्वसंगीतावर उभा असलेला हा चित्रपट ध्वनीसाठी नावाजला गेलेला आहे, त्यामुळे तो इथे सहज जिंकेल असे मला वाटत होते. फ्लॅटमधल्या रात्रीच्या शांततेला तिघांनी मनापासून दाद दिली. नंतर स्वातीला, म्हणजे ऊर्मिला मातोंडकरला, आरशात आपल्यामागे मृत स्त्री दिसते, तो भाग आला. अशा जागी वर्णन करणाऱ्याची खरी कसोटी लागते. ‘आरशात तिच्यामागे एक बाई’ हे शब्द क्षणभर आधी उच्चारले तर भीती मी चोरली असे होते आणि क्षणभर नंतर उच्चारले तर ती शिळी होते. नेमक्या क्षणी बोलावे तर त्याच क्षणी संगीताचा दणका येतो आणि माझे शब्द त्याखाली गाडले जातात. दोन-तीन प्रकारे वाचून पाहिले, पण जमले नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, “ताई, तुमचा दोष नाही. दार जोरात आपटले तरी मी दचकते, पण त्याला मी भीती म्हणत नाही.” डोळस प्रेक्षकाला तो दणका चित्राच्या जोडीने मिळतो. त्यांच्या वाट्याला नुसता दणका येतो, आणि चित्रपट तिथे त्यांच्यावर ओरडतो एवढेच त्यांना कळते. माझा पहिला क्रमांक त्या एका वाक्याने डळमळला.

‘कौन’ लावला तेव्हा पाच मिनिटांत माझ्या लक्षात आले की मला बोलायला फारसे काही उरलेलेच नाही. एक घर, तीन पात्रे, बाहेर पाऊस, बातम्यांत मोकाट फिरणाऱ्या खुन्याची माहिती, आणि दारावरची घंटा. मनोज बाजपेयीचा समीर पूर्णवाले मल्होत्रांचे घर शोधत येतो आणि दाराबाहेरून बोलतच राहतो. त्याची आर्जवे, त्याचे लोचट हसणे आणि दाराच्या आतल्या बाजूला ऊर्मिलाचा थरथरता श्वास. सगळे वैर त्या एका दाराच्या दोन बाजूंना आहे आणि कोण कोणत्या बाजूला आहे हे कान अचूक सांगतो. विद्यार्थ्याने मला हात करून थांबवले आणि वर्णनाशिवायच पुढे ऐकू द्यायची विनंती केली. भूत नसलेला भयपट कसा, ही माझी शंका मी बोलून दाखवली, तेव्हा काकांनी नोकरीतला अनुभव सांगितला. रात्रपाळीला फोन उचलल्यावर पलीकडचा माणूस न बोलता नुसता श्वास घेत असे, त्याहून जास्त भीती त्यांना कोणत्याही भुताची वाटली नव्हती. माझ्या शंकेला यापुढे काही अर्थ राहिला नाही.

‘फूँक’ने फार वेळ घेतला नाही. लहान रक्षाच्या तोंडून पुरुषी आवाज येतो तिथे तिघेही सावरून बसले, पण देव न मानणाऱ्या बापाला करणीपुढे हात टेकायला लावणारी कथा काकांना सहन झाली नाही. जादूटोणाविरोधी कायदा करवून घेण्यासाठी या राज्यात माणसांनी किती सोसले, हे त्यांनी बरेच तळमळीने सांगितले. मला त्यांचे म्हणणे पटते.

‘अज्ञात’बद्दल मला विशेष उत्सुकता होती. जंगलात अडकलेल्या चित्रीकरणाच्या चमूला एकेक करून मारणारे ते जे काही आहे, ते शेवटपर्यंत दाखवलेच जात नाही. म्हणजे इथे डोळस आणि दृष्टिहीन प्रेक्षक एकाच पायरीवर उभे राहायला हवेत. प्रत्यक्षात तिघांनीही तो पाचवा ठेवला. विद्यार्थ्याने कारण नेमके सांगितले. त्या प्राण्याचा आवाज कुठून येतो हे कळत नाही, तो जवळ आला की दूर गेला हे कळत नाही, त्यामुळे जंगल डोळ्यांपुढे उभेच राहत नाही. “न दिसणाऱ्या गोष्टीला जागा असते, मॅडम. मला रोज रस्ता ओलांडताना तीच जागा ऐकावी लागते.” भयपटाच्या ध्वनीविषयी याहून मोलाचे वाक्य मी तरी ऐकलेले नाही. ‘भूत रिटर्न्स’ त्रिमितीत काढलेला होता, पण या खोलीत त्याचा काही उपयोग नव्हता, आणि ते वजा केल्यावर सतत वाजणारे संगीत आणि मनीषा कोइरालाच्या वाट्याला आलेली थोडीशी चांगली दृश्ये एवढेच उरले. तो एकमताने सहावा.

‘रात’ शेवटी लावला. नायिका मिनी, म्हणजे रेवती, चित्रपटगृहात बसलेली आहे आणि भोवतालची सगळी माणसे नाहीशी झालेली तिला दिसतात, हा त्यातला सगळ्यांना आठवणारा भाग. मी तीन वाक्ये लिहून आणली होती. काकांनी हा चित्रपट दृष्टी असताना थिएटरात पाहिला होता. माझी वाक्ये ऐकून त्यांनी मान हलवली. रेवती मान वळवते तेव्हा आपणही रिकाम्या खुर्च्यांकडे तिच्याइतक्याच उशिरा पोहोचतो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून ‘मिनी मान वळवते’ एवढे म्हणायचे, थांबायचे, आणि मग ‘खुर्च्या रिकाम्या’. तसे वाचले. बाईंनी नकळत शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून पाहिला.

तिघांचा क्रम ठरला तो असा: ‘कौन’ पहिला, ‘रात’ दुसरा, ‘भूत’ तिसरा, आणि त्याखाली ‘फूँक’, ‘अज्ञात’, ‘भूत रिटर्न्स’. मी ‘कौन’च्या खेळाची तारीख काढायला लागले, तर बाईंनी अडवले. ‘कौन’ त्यांना घरी एकटीने मोबाइलवर लावूनही पुरेपूर मिळतो. ‘रात’ मात्र कोणी शेजारी बसून सांगितल्याशिवाय अर्धाच मिळतो, तेव्हा खर्च आणि मेहनत करायचीच तर ‘रात’वर करावी, असे त्या म्हणाल्या. बाकीच्या दोघांनी लगेच होकार दिला. ‘रात’च्या संहितेचे काम आम्ही सोमवारी हाती घेतले. बसमधून मिनी निर्मनुष्य रस्त्यावर उतरते, त्या आरंभीच्या दृश्याला किती शब्द द्यायचे, यावर काकांशी माझा अजून वाद चालू आहे.