पेशवे दप्तरातले जमाखर्च : आर्थिक इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी प्रवासवृत्त

पदव्युत्तर अभ्यासक्रमात आर्थिक इतिहासाच्या संशोधनपद्धती शिकताना मूळ साधनांवर काम करणे भागच असते. त्यासाठी मी पुण्याच्या पुरालेखागारात, म्हणजे पेशवे दप्तरात, अठराव्या शतकातील परगण्यांचे हिशेब पाहायला गेलो होतो. इमारत कौन्सिल हॉलजवळ असून पुणे स्टेशनाहून फार लांब नाही. सरकारी कार्यालय असल्याने शनिवार-रविवार गृहीत धरू नयेत. विभागप्रमुखांचे पत्र व ओळखपत्र जवळ बाळगावे आणि छायाचित्रणाचे नियम आधीच विचारून घ्यावेत, कारण कामाची सारी आखणी त्यावर अवलंबून असते.

मोडी येत नसेल, तर जाण्याची घाई करू नये. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ छापील खंड सरावाला उत्तम आहेत. मात्र त्यांचा भर मुख्यतः राजकीय पत्रव्यवहारावर असल्याने जमाखर्चाच्या अभ्यासकाला अखेर रुमालच, म्हणजे कापडात बांधलेले मूळ कागदांचे गठ्ठेच, उघडावे लागतात.

हिशेबाच्या कागदावर एकूण रक्कम वर, लांब रेघेखाली येते आणि ‘बितपशील’ म्हणून तिची फोड खाली उतरत जाते. आपल्या सवयीच्या उलट अशी ही मांडणी संशोधकाच्या सोयीची आहे, कारण फोडीची बेरीज वरच्या आकड्याशी जुळते का, हे तिथल्या तिथे तपासता येते आणि चुकीचे वाचलेले अक्षर बहुधा तिथेच सापडते. सालही असेच फोड करून, अरबी संख्याशब्दांत लिहिलेले असते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ अधिक ६० अधिक १०० अधिक १०००, अर्थात शुहूर सन (या कागदांतली कालगणना) ११६१. हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्यामुळे इसवी सन काढताना त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवावे लागतात. जानेवारी १७६१ मधील पानिपतची लढाई याच सालातली. हा फरक विसरल्यास एकाच हंगामाचा वसूल दोन वर्षांत विभागला जातो.

याहून महत्त्वाचे म्हणजे कागद कोणत्या कामासाठी तयार झाला, हे आधी ठरवावे. अजमास हा अंदाज असतो, तर ताळेबंदात प्रत्यक्ष जमा आणि खर्च असतो. दोन्हींतले आकडे एकाच स्तंभात भरून आलेख काढणे म्हणजे निव्वळ धूळफेक होय, आणि असे आलेख सादर होताना मी पाहिले आहेत. शिवाय बाकी दाखवलेली रक्कम पुढच्या साली वसूल झाली की सुटीत गेली, म्हणजे माफ झाली, हे पुढचा कागद पाहिल्याशिवाय कळत नाही.

तक्ता करताना रुमालाचा क्रमांक, नाण्याचा प्रकार आणि माप मुळात जसे असेल तसे लिहावे. खंडी-मणाचे वजन गावागणिक बदलत असे आणि चांदवडी किंवा अंकुशी रुपयाला बट्टाही (नाणे बदलताना होणारी कपात) निरनिराळा लागे; म्हणून किलो किंवा एकाच चलनात केलेले रूपांतर वेगळ्या स्तंभात ठेवावे आणि मूळ आकडा कधीही पुसू नये. टिपणांसाठी पेन्सिल आणि धुळीसाठी मास्क मात्र घरूनच न्यावा.