काचेची चमक छापताना कोणता पांढरा सोडायचा, कोणता धरायचा

पाण्याच्या ग्लासचा फोटो स्क्रीनवर लखलखतो आणि कॅटलॉगमध्ये छापून आला की पोटाला भोक पडल्यासारखा दिसतो. छपाईत कागदापेक्षा पांढरं काही नसतं. जिथे शाई नाही तिथे कोरा कागद, आणि ग्लासमागची पार्श्वभूमीही कोरीच असेल तर चमक उठून दिसणार कशी?

म्हणून आधी हायलाइट, म्हणजे फोटोतले सर्वात उजळ भाग, दोन प्रकारांत वेगळे करायचे. ओठाच्या कडेवरचे, बुडाच्या जाड काचेतले बारीक लखलखणारे ठिपके शून्य टक्के शाईवर जाऊ द्यावेत. सॉफ्टबॉक्सचं (कापडामागून मऊ प्रकाश देणाऱ्या स्टुडिओच्या दिव्याचं) लांबट प्रतिबिंब मात्र कोरं सोडू नये. आर्ट पेपरवरच्या ऑफसेटसाठी तिथे सायन (निळसर शाई) 5, मॅजेंटा (गुलाबीसर शाई) 3, पिवळा 3, काळा 0 टक्के एवढा डॉट, म्हणजे शाईचा बारीक बिंदू, धरावा. सायन मुद्दाम जास्त, कारण तिन्ही सारखे घेतले की करडा रंग तपकिरीकडे झुकतो.

फोटोशॉपमध्ये लेव्हल्स (उजेड-अंधाराची पातळी बदलणारी खिडकी) उघडून ऑल्ट दाबून पांढरा स्लायडर धरला की जळालेले, म्हणजे तपशील उडून पूर्ण पांढरे झालेले, भाग उघडे पडतात. आयड्रॉपर (रंगाचा आकडा वाचणारं साधन) 5 बाय 5 पिक्सेलवर ठेवा. एकाच पिक्सेलचा आकडा फसवतो. इथे बरेच जण लेव्हल्सचा आउटपुट 255 (पूर्ण पांढरा) वरून 245 वर आणून मोकळे होतात. त्याने डॉट येतो, तपशील येत नाही. प्रतिबिंबाच्या जागी सपाट करडी पट्टी उरते आणि बारीक ठिपक्यांची चमकही मरते. ब्लेंड इफनेही (उजेडाच्या पातळीनुसार लेयर लपवणाऱ्या सोयीनेही) भागत नाही, कारण ठिपका आणि जळालेली पट्टी दोन्ही 255 वरच असतात. मास्क, म्हणजे लेयरचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा, हातानेच रंगवावा लागतो.

रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर तीच एक ते दीड स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) पुन्हा डेव्हलप करून वरच्या लेयरवर ठेवा आणि मास्कमधून फक्त पट्टी उघडा. तिन्ही चॅनल (लाल, हिरवा, निळा) जळालेले असतील तर तिथे परत आणण्यासारखं काही नसतं. मग 16 बिटमध्ये पट्टीच्या मधून कडेकडे हलकासा ग्रेडियंट द्या, वर साधारण 1 टक्का नॉइज (बारीक दाणे) टाका, नाहीतर छपाईत पायऱ्या दिसतात. पट्टीच्या भोवतीची काच 8 ते 12 टक्के डॉटपर्यंत गडद केली की चमक आपोआप उजळ वाटते. खरं काम हेच आहे, हायलाइटला हात लावण्याआधी त्याच्या शेजाऱ्याकडे बघायचं.

शार्पनिंग ल्युमिनॉसिटी मोडमध्ये (रंग न बदलता फक्त उजेड बदलणाऱ्या) आणि हायलाइट वगळून करा, नाहीतर कडेला पांढरी किनार येते. सॉफ्ट प्रूफमध्ये (छपाई कशी दिसेल हे स्क्रीनवर दाखवणाऱ्या) 'सिम्युलेट पेपर कलर' लावूनच तपासा. प्रोफाइल (त्या छपाईच्या रंगांची माहिती देणारी फाइल) मात्र छापखान्याकडूनच मागून घ्या.

फ्लेक्सोवर (लवचीक प्लेटच्या छपाईवर) छापायचं असेल तर हे आकडे चालत नाहीत. तिथे अगदी बारीक डॉट प्लेटवर टिकत नाही आणि ग्रेडियंट जिथे संपतो तिथे कापल्यासारखी रेघ उमटते. अशा वेळी प्लेटवाल्याला किमान डॉट विचारा आणि पट्टीचा शेवट त्याच्या वरच थांबवा.