अस्वलांचं गोत्र

मिरजेला गेले की मावशी एकदा तरी विचारतेच, "अगं, तुझ्या त्या बेटावरची अस्वलं सगोत्रच लग्नं करतात ना? मग खुळी नाही निपजत?" बाकीचे हेच जरा सभ्य शब्दांत विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

माझं बेट म्हणजे कॅनडाच्या पूर्व टोकाचं न्यूफाउंडलंड. इथलं काळं अस्वल मी क्वचितच पाहते, माझ्याकडे येतात ते त्याचे केस. जंगलात काटेरी तार ताणायची, आत कुजक्या माशांचं पाणी ओतायचं. अस्वल वासाने येतं, तारेखालून वाकून जातं आणि पाठीचे चार केस ठेवून जातं. ते केस ज्या पाकिटातून माझ्याकडे येतात त्यालाही तो वास असतोच. केसाच्या मुळाशी डीएनए मिळतो. त्यातल्या ठरावीक जागी दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. त्या जितक्या वेळा वेगळ्या निघतील तितकं वैविध्य जास्त. 1994 मध्ये ही तुलना छापून आली. मुख्य भूमीवरच्या बॅन्फ आणि ला मॉरिसी उद्यानांत हे प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास होतं, आमच्या टेरा नोव्हा उद्यानात 36.

म्हणजे मावशीचा संशय खरा. पण खुळी म्हणाल तर नाही. आमची अस्वलं चांगली धिप्पाड आहेत आणि हजारोंच्या संख्येने आहेत. इथले मूस, म्हणजे घोड्याएवढी थोराड हरणं, तर 1878 आणि 1904 साली आणून सोडलेल्या मूठभर जनावरांची प्रजा, आणि आज रस्त्यावर त्यांच्याच भीतीने गाडी हळू चालवावी लागते. वैविध्य कमी म्हणजे उद्या एखादा नवा रोग आला तर हाताशी पर्याय कमी. काळजी करायची ती याची.

मुळात अस्वलांत आपल्या उलटी रीत. मुलगी आईच्या शेजारीच संसार थाटते, घर सोडायचं ते मुलग्याने. नवं रक्त आणायचं ते या भटक्या पोरांनीच. कॅनडाच्याच पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश कोलंबियात ती अरुंद खाड्या पोहून बेटामागून बेट गाठतात. तिथल्या ग्रिबेल आणि प्रिन्सेस रॉयल बेटांवर काळ्या अस्वलांतच काही पांढरी जन्मतात. ती ध्रुवीय अस्वलं नव्हेत, हे मी दर वेळी सांगते. केसांच्या रंगाशी संबंधित एमसी1आर जनुकातला एक बारीकसा बदल आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू पांढरं होतं, त्यामुळे काळ्या आईच्या पोटीही ते येतं. म्हणून "बाहेरची अस्वलं आणून सोडा की" असं कुणी म्हणालं तर माझा हात आखडतो. ग्रिबेलवर बाहेरचे काळे पाहुणे फार झाले तर तो पांढरा रंगच विरळ होत जाईल.

आमच्याकडे मात्र मुख्य भूमी आणि बेटाच्या मधे बेल आइलची सामुद्रधुनी. सगळ्यात अरुंद जागीही 15 किलोमीटरहून जास्त, आणि पाणी हाडं गोठवणारं. हिवाळ्यात तिथे समुद्री बर्फ येतो. 1980 च्या दशकात कोयोटी, म्हणजे लांडग्याचे छोटे भाऊबंद, त्या बर्फावरून चालत बेटावर आले आणि इथलेच झाले. तोच रस्ता अस्वलांनाही खुला आहे की, असं मावशीला वाटतं. पण बर्फ भरलेला असतो त्यातले बहुतेक महिने अस्वलं बिळात गाढ झोपलेली असतात.