एका यादीतली, पण एका सुरातली नव्हेत

गुरुवार, रात्री

प्रथम वर्षाचा संगीताचा वर्ग आज कुठे भरल्यासारखा वाटला. प्रवेश कधीच झाले, पण आमच्या जळगावात आषाढी झाल्याशिवाय पोरं जमत नाहीत. एक जण तर मुक्ताईच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला गेलेला. तो परवा उगवला, तोंड रापलेलं, आवाज पार बसलेला. "काकड्यापासून हरिपाठापर्यंत गातच होतो मॅडम," म्हणाला.

यादीत सगळी सारखीच दिसतात: बारावी पास, विषय संगीत. गायला बसवलं की चित्र बदलतं.

एक मुलगी गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण करून आलीय. म्हणजे पाच परीक्षा पदरात, पुढे विशारद. यमन राग म्हटलं की आरोह, अवरोह, पकड, वादी-संवादी धडाधड. बंदिशीमागून आठ-आठ मात्रांच्या ताना, वहीत आहेत त्याच क्रमाने. मी वही मिटायला लावली. म्हटलं, नुसता नि रे ग घे आणि त्यातच जरा फिर. थोडी फिरली आणि माझ्याकडे बघत बसली. मग ग्रंथालयातलं भातखंड्यांचं क्रमिक पुस्तक पुढे ठेवलं, तर डोक्यावर टिंब असलेला सा तिने मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात घेतला. वर्ग हसला, पण तिचं काही चुकलं नव्हतं. ती पलुस्करांच्या स्वरलिपीत शिकलेली, तिथे वरचं टिंब म्हणजे मंद्र. भातखंड्यांच्या लिपीत तेच टिंब तारसप्तकाचं, म्हणजे वरच्या.

पालखीवाल्याला यमनचं नावही ठाऊक नाही. पण त्याच्या एका अभंगाच्या चालीत अख्खा यमन बसलाय, तीव्र मध्यमासकट. त्रितालाची टाळी-खाली हातावर देता येत नाही, ठेका सुरू झाला की मान मात्र बरोबर समेवर पडते. भजनात काळी चारला, म्हणजे उंच पट्टीत गायची सवय, त्यामुळे काळी एकला खाली आणला की खालच्या सुरांना नुसती हवा. आणि गंधार, म्हणजे ग, पेटीचा. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर पेटीचा गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 भाग चढा असतो. टाळ-पखवाजाच्या गजरात ते कुणाला कळणार? शांत खोलीत, दोन तंबोऱ्यांपुढे, तो चपलेत खडा असल्यासारखा टोचतो. मध्यमावालीचा गंधारही तसाच. तिचा क्लास पेटीवरच झाला ना!

या दोघांची मला फारशी काळजी नाही. एकीला वहीतून बाहेर काढायचंय, दुसऱ्याला थोडं वहीत बसवायचंय. काळजी आहे ती बाकीच्यांची, आणि वर्गात तीच जास्त. गॅदरिंगमध्ये गायलेली, मोबाइलवर कॅराओके लावून सराव केलेली. शेजारी बसून "चढलास, जरा खाली ये" म्हणणारं त्यांना कधी कुणी भेटलेलंच नाही. एरंडोलकडच्या एकाला सा लावायला सांगितला, तर तो पंचमावर, म्हणजे प वर जाऊन बसला, अगदी निर्धास्त. मी थांबवलं तर म्हणतो, "माले ते एकच वाटस मॅडम." याला शाळेत कुणीतरी गळाच नाही म्हणून सांगून ठेवलंय. अहो, तंबोऱ्याची पहिली तार पंचमाचीच असते. पोराने पहिली ऐकली ती धरली, आणि हलला नाही. कान नसलेल्याला हे जमत नाही.

बालगंधर्व लहानपणी याच गावात मेहबूब खाँ यांच्याकडे शिकले, हे इथल्या दर सत्काराच्या भाषणात ऐकायला मिळतं. त्यातलं 'शिकले' तेवढं घाईने उरकतात आणि दैवी देणगीवर येतात. पालकही मग प्रवेशाच्या वेळी तेच विचारतात: हिच्यात आहे का काही? मी काय सांगू? पाच मिनिटांत मला एवढंच कळतं की हिच्या शेजारी आजवर कोण आणि किती वर्षं बसलं होतं.

दोन तुकड्या करू या का, असं विभागप्रमुखांनी विचारलं. मी नको म्हटलं. मध्यमावालीने पालखीवाल्याला टाळी-खाली शिकवावी, त्याने तिला वही न बघता एक चाल गाऊन दाखवायला लावावी, आणि ही देवाणघेवाण बाकीच्यांनी ऐकावी. शिवाय सकाळी तासाआधी अर्धा तास सगळ्यांनी फक्त खर्ज भरायचा, म्हणजे खालचे सूर लांबवत घोटायचे, पेटीला कुलूप. वेळापत्रक लिहून झालं आणि लक्षात आलं, एरंडोलची ती एसटी पावणेनऊशिवाय येत नाही. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज, नेमका तोच चुकणार. त्याच्यासाठी दुपारी तबल्याच्या वर्गानंतर खोली मिळते का, ते उद्या शिपाईदादांना विचारायला हवं.