सव्वा मूठ गहू आणि धर्माची मोजदाद

श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. त्याआधी आमच्या काकू रोटांसाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, गहू मोजतात, ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. ओसरीवर निवडलेल्या गव्हाची पाटी असते आणि शेजारी रिकामे सूप. कुटुंबातल्या एकेका पुरुषाचे नाव घ्यायचे आणि त्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. सव्वा मूठ म्हणजे भरलेली एक मूठ आणि वर चिमटीत मावतील तेवढे दाणे. सुरतेच्या कापडबाजारात असलेला दीर, पुण्यातला पुतण्या, पाळण्यातला चार महिन्यांचा नातू, सगळ्यांच्या नावाची मूठ पडते. कोण देव मानतो आणि कोण मानत नाही, याची चौकशी त्या वेळी होत नाही.

समाज दिवसेंदिवस कमी धार्मिक होत चालला आहे का, हा प्रश्न मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवताना दरवर्षी वर्गात मांडते, आणि दरवर्षी मला ते सूप आठवते. या प्रश्नाचे उत्तर आपण काय मोजतो यावर अवलंबून असते, असे माझे मत या सुपानेच घडवले आहे.

आधी शब्दाविषयी थोडे. आपल्याकडे धर्मनिरपेक्षता म्हटले की राज्यसंस्था आणि संविधान डोळ्यांसमोर येते. समाजशास्त्रातला वाद मात्र ऐहिकीकरणाचा आहे, म्हणजे लोकांच्या रोजच्या जगण्यातून आणि विचारातून धर्माचा वावर कमी होतो का याचा आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने 1917 साली म्युनिकमधल्या एका व्याख्यानात असे मांडले की आधुनिक माणसाला जग तत्त्वतः हिशेबाने समजण्याजोगे वाटू लागते आणि त्यातली जादू ओसरते. पुढची पन्नासएक वर्षे बहुतेक अभ्यासकांनी हे जवळपास गृहीतच धरले होते. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पीटर बर्जर यांनी 1968 साली असे भाकीत केले की एकविसाव्या शतकात श्रद्धाळू माणसे लहानलहान पंथांपुरतीच उरतील. त्याच बर्जर यांनी 1999 साली आपली चूक जाहीरपणे कबूल केली आणि आजचे जग पूर्वीइतकेच, काही ठिकाणी तर पूर्वीपेक्षा अधिक, धार्मिक असल्याचे लिहिले. उमेदीच्या काळात मांडलेला सिद्धान्त उतारवयात स्वतःच मागे घ्यायला मोठे मन लागते, आणि हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते.

मात्र बर्जर यांनी माघार घेतली म्हणून वाद निकालात निघाला, असे मी मानत नाही. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी 1999 सालीच ऐहिकीकरणाच्या सिद्धान्ताला श्रद्धांजली वाहून टाकली होती, पण ब्रिटनचे समाजशास्त्रज्ञ स्टीव्ह ब्रूस धर्म ओसरतो या आपल्या मतावर ठाम राहिले आणि निदान त्यांच्या देशापुरते आकडे त्यांच्या बाजूने बोलतात. इंग्लंड आणि वेल्सच्या 2011 च्या जनगणनेत 59.3 टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणवले होते. 2021 मध्ये हे प्रमाण 46.2 टक्क्यांवर आले, आणि धर्म नाही असे सांगणारे 25.2 टक्क्यांवरून 37.2 टक्क्यांवर गेले. अवघ्या दहा वर्षांतला हा फरक कोणत्याही युक्तिवादाने झाकता येणार नाही.

आपल्याकडचे आकडे अगदी उलटे आहेत. 2011 च्या जनगणनेत धर्म न सांगणारे सुमारे 28 लाख 67 हजार होते, म्हणजे लोकसंख्येच्या पाव टक्क्याच्याही आत. प्यू या अमेरिकी संस्थेने 2019-20 मध्ये जवळपास तीस हजार प्रौढ भारतीयांशी बोलून केलेल्या पाहणीत 97 टक्के लोकांनी आपण देव मानतो असे सांगितले. हे वाचून अनेकांचे समाधान होते. माझे होत नाही. ‘तुम्ही देव मानता का?’ हा प्रश्न ज्या समाजात धर्म म्हणजे मुख्यतः मनातला विश्वास, त्या समाजात बेतला गेला आहे. मी एकदा काकूंना तो विचारून पाहिला. त्या गहू निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “हाई काय इचारानी गोट शे का?” ही काय विचारायची गोष्ट आहे का? पाहणीत त्यांचे उत्तर ‘होय’ असे नोंदवले गेले असते आणि त्यांना जे म्हणायचे होते ते निसटले असते.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ग्रेस डेव्ही यांनी 1994 साली ब्रिटनविषयी लिहिताना असे दाखवले की लोक चर्चला जात नाहीत, पण मनात श्रद्धा बाळगून असतात. विश्वास आहे, सामील होणे नाही. खानदेशात मला नेमके याच्या उलट दिसते. येथे सामील होणे आधी असते आणि विश्वासाची विचारपूस कोणी करत नाही. कानबाई म्हणून चौरंगावर मांडलेल्या, नथ आणि डोळे लावून सजवलेल्या नारळापुढे जी भाऊबंदकी बसते, तिच्यात वर्षभर बांधावरून न बोलणारे दोन भाऊही असतात. पुरणपोळी, खीर आणि गंगाफळाची भाजी त्यांना एका पंगतीत बसून खावी लागते, कारण आमच्या घरी रोटाचा प्रसाद भाऊबंदकीबाहेर जात नाही आणि भाऊबंदांना टाळताही येत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी 1912 साली लिहिले होते की समाज देवाच्या रूपाने स्वतःचीच पूजा करतो. त्यांच्या मताला मी एरवी अनेक हरकती घेते, पण सोमवारी कानबाईला डोक्यावर घेऊन नदीकडे निघालेली आमची भाऊबंदकी पाहताना एकही हरकत सुचत नाही.

याचा अर्थ इकडे काहीच बदलले नाही, असा नव्हे. समाजशास्त्रज्ञ होसे कॅसानोव्हा यांनी 1994 साली या वादातल्या तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या, आणि माझ्या मते या वादात त्याहून उपयोगी काम कोणी केलेले नाही. धर्माच्या हातातली कामे इतर संस्थांकडे जाणे ही पहिली, श्रद्धा आणि आचार घटणे ही दुसरी, आणि धर्म घराच्या चार भिंतींत जाणे ही तिसरी. या तिन्ही एकाच वेळी घडतील असा नियम नाही. पहिली गोष्ट आमच्या गावात स्पष्टपणे घडली आहे. माझ्या आजीच्या तरुणपणी अंगावर देवी आल्या की घरात कडुनिंबाचा पाला येई, फोडणीचा वास बंद होई आणि देवीची आर्जवे सुरू होत. पुढे भिंतींवर ‘देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा’ ही सरकारी अक्षरे आली, 1975 मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि त्या नावाचा रोग संपला. पटकीचेही, म्हणजे कॉलऱ्याचेही, भय गेले, पण वेशीवरची पटकीची देवी मरीआई आहे तेथेच आहे. तिला शेंदूर लागतो, आखाडात निवद दाखवला जातो; फक्त जुलाब लागलेल्या मुलाला घेऊन कोणी तिच्याकडे जात नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते.

भारतीय समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1966 साली भारतातल्या ऐहिकीकरणाबद्दल लिहिताना सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना सैल होत असल्याकडे लक्ष वेधले होते. तेही येथे पटते. सुरतेहून रेल्वेने गर्दीतून आलेला माणूस आता हातपाय धुऊन थेट देवापुढे बसतो. तिसऱ्या गोष्टीचे मात्र चिन्ह नाही. धर्म घरात गेला नाही, उलट घरातली कानबाई रस्त्यावर अधिक मोठ्या आवाजात निघते. वाजंत्रीच्या जागी आलेल्या डीजेच्या आवाजात बायकांची अहिराणी गाणी ऐकू येईनाशी झाली आहेत, आणि याचे मला मनापासून दुःख होते. काकूंना पाठ असलेली सगळी गाणी आता घरात दुसऱ्या कोणाला येत नाहीत. धार्मिकता वाढली की घटली हे मोजणाऱ्या कोणत्याही तक्त्यात या गाण्यांसाठी रकाना नाही.

बायकांसाठी रकाना सुपातही नव्हता. गहू आम्ही निवडायचे, दळण आम्ही आणायचे, पोळ्या आम्ही लाटायच्या, आणि मूठ मात्र फक्त पुरुषांच्या नावाची. गेल्या श्रावणात पुण्यातला पुतण्या दोन दिवस आधी आला. तो संगणकाच्या कंपनीत आहे आणि आपण देव मानत नाही हे घरात सर्वांना सांगून चुकला आहे. तो सुपाजवळ बसला, आपल्या नावाची मूठ पडताना त्याने पाहिली, आणि मग म्हणाला, “काकू, ताईच्या नावानी बी टाक.” काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांनी पाटीतल्या गव्हावरून एकदा हात फिरवला, दारात उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिले, तिचे नाव घेतले आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकले.