टिकाल: खोलीसाठी नव्हे, सकाळच्या दोन तासांसाठी

ग्वाटेमालाच्या उत्तरेला, पेतेनच्या जंगलातलं टिकाल, म्हणजे माया लोकांच्या प्राचीन शहराचे अवशेष, बहुतेक लोक फ्लोरेसहून दिवसाची सहल करून पाहतात. फ्लोरेस हे पेतेन इत्झा तलावातलं छोटं बेट. तिथून टिकाल साधारण ६५ किलोमीटर, व्हॅनने दीड तास. सहल वाईट नाही, पण दहा ते दोन या वेळात मुख्य चौकात गर्दी आणि डोक्यावर ऊन, दोन्ही एकदमच गाठतात. आत मुक्काम केला तर दुपारी तीननंतरचे आणि सकाळी सहा ते आठचे तास मोकळे मिळतात. जादा पैसे त्यासाठी मोजायचे. खोल्यांकडून फार अपेक्षा ठेवू नये.

अवशेषांभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानात हॉटेलं तीनच: जंगल लॉज, टिकाल इन आणि जग्वार इन. अवशेषांचं प्रवेशद्वार तिन्हींपासून चालत काही मिनिटांवर आहे, शेजारी तंबूंसाठी मैदानही आहे. बुकिंग करताना वीज आणि गरम पाणी कोणत्या तासांत असतं, हे आधी विचारा. वीज ठरावीक वेळच असली तर रात्री पंखा बंद पडतो, खिडकी उघडावी लागते आणि मग जाळी फाटकी निघाली की झोपेचं खोबरं. ग्वाटेमालात वीज १२० व्होल्टची आणि पिना चपट्या. फोनचा चार्जर अडॅप्टर लावला की चालतो. घरून नेलेलं डास पळवायचं मशीन किंवा २३० व्होल्टची किटली मात्र नुसती सामानातच फिरते. डासांसाठी डीट असलेलं मलम न्या, मलेरियाच्या गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

एटीएम फ्लोरेस किंवा शेजारच्या सांता एलेनातच उरकून घ्या, पुढे भरवसा नाही. तिकिटाचं फाटक अवशेषांच्या १७ किलोमीटर अलीकडे लागतं. परदेशी प्रवाशांना तिकीट अलीकडच्या वर्षांत १५० केत्साल (ग्वाटेमालाचं चलन) आहे, पासपोर्ट लागतो. तिकीट त्या त्या दिवसापुरतं असतं, म्हणून दुसऱ्या दिवसाचंही तिथेच काढून टाका. खोली आत असली तरी तिकीट चुकत नाही.

आता सूर्योदयाचं. त्यासाठी आणखी १०० केत्साल, शिवाय गाइड सक्तीचा. पहाटे चारला निघून चार नंबरच्या मंदिरावर बसायचं. हे मंदिर इसवी सन ७४१च्या सुमाराचं, सुमारे ६५ मीटर उंच, बाजूने लाकडी जिना. पण डिसेंबर-जानेवारीत इतक्या दमट जंगलावर पहाटे धुकंच असतं, आणि बरेचदा सूर्य दिसतच नाही. टिकाल जवळपास आपल्या कराडच्या अक्षांशावर आहे. त्या दिवसांत सूर्य उगवतो सहा-वीसच्या आसपास. साधं तिकीट सहापासून चालतं आणि चालत ४० मिनिटांत मंदिर गाठता येतं. पोचेपर्यंत धुकं विरायला लागलेलं असतं, आणि एक, दोन, तीन नंबरच्या मंदिरांचे माथे झाडांवर एकेक करून वर येतात. आमच्या मते पहाटेच्या तिकिटात खरं मिळतं ते हाउलर माकडांचं ओरडणं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाघच वाटतो. आणि ते तर खोलीत पडल्यापडल्या फुकट ऐकू येतं.

संध्याकाळचं गणित वेगळं. एक नंबरचं मंदिर पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे उतरतं ऊन थेट त्याच्यावर. त्याच्यावर चढायला बंदी आहे. समोरच्या दोन नंबरच्या मंदिरावर मागच्या लाकडी जिन्याने चढून तिथून बघा. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो, त्यामुळे सहाला बंद होणाऱ्या साध्या तिकिटातच हे बसतं. जूनमध्ये साडेसहा होतात, तेव्हा जादा तिकिटाशिवाय मावळती मिळत नाही. परतताना चौकातून २५ मिनिटं अंधाऱ्या झाडीची वाट आहे, टॉर्च हवाच.

वाट चुनखडीची, वर शेवाळ. जून ते ऑक्टोबर पावसात ती कोकणातल्या विहिरीच्या पायरीइतकी घसरते. खाचा असलेल्या तळाचेच बूट घाला. तोल गेला म्हणून झाडाला हात लावायची सवय मात्र सोडा. काही माडांच्या खोडावर सुईसारखे काटे असतात, आणि चेचेन नावाचं झाड तर बिब्ब्याच्याच कुळातलं: खोडावर काळे ओघळ दिसले की दूर राहा, चीक लागला तर बिब्बा उततो तसंच उततं. लागलाच तर लगेच साबणाने धुवा. गवतात बसू नका, विजार मोज्यात खोचा. गोचिडी आणि बारीक लाल किडे घोट्यापासूनच चढतात.

याच वाटेवर उंच खोडांवर तिरक्या चिरांची नक्षी दिसेल. तो आपला चिकू! च्युइंगगमसाठी चीक काढणाऱ्यांनी त्या पाडलेल्या. मंदिरांच्या दारांवरच्या कोरीव तुळया याच लाकडाच्या, बाराशे वर्षं टिकलेल्या. चार नंबरच्या मंदिरातल्या काही आता स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या संग्रहालयात आहेत.

शाकाहारींचं पोट भरतं, पण विचारून. काळा घेवडा, भात, तळलेली केळी आणि चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या जाडसर तोर्तिया सगळीकडे मिळतात. घेवडा मात्र पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात, म्हणून 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको एवढ्यावर थांबू नका, 'सिन मांतेका'ही म्हणा. माणशी तीन लिटर पाणी धरा, आत चढ बराच आहे. डबा उघडा ठेवून फोटो काढायला गेलात तर पिसोते, शेपट्या उभ्या करून टोळीने हिंडणारे कोआटी, तो रिकामा करतात.

परतीच्या व्हॅनमधली जागा आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आणि निघायच्या सकाळी बूट उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालू नका. विंचवांना ओलसर बूट आवडतात.