तुरा कधी येणार? शेंड्यापासून अननस लावल्याचा माझा अनुभव

"सहा-आठ महिन्यांत फळ खाताय बघा," असं ज्या नर्सरीवाल्यानं मला छातीठोकपणे सांगितलं, त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. फळ हातात आलं ते तीन वर्षांनी.

जून २०२१ मध्ये कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून आणलेल्या अननसाचा शेंडा पिळून काढला आणि गच्चीवर काळ्या मातीच्या कुंडीत तसाच खोचला. पंचगंगेला पूर आला त्या जुलैत आमच्या कुंडीतही तळं साचलं. शेंडा धरून ओढला तर अख्खा हातात आला, खालून काळा आणि सडक्या बटाट्यासारखा वास मारणारा.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो. खालची पानं सोलून बोटभर देठ उघडा केला. तिथं मुळांचे बारीक तपकिरी ठिपके आधीच दिसतात. चार-पाच दिवस सावलीत वाळवला आणि ऑक्टोबरमध्ये गगनबावड्याकडची तांबडी माती व वाळू घालून लावला. दीड महिन्यात मुळं धरली. पुढच्या दसऱ्यापर्यंत झाड दोन हात पसरलं, आणि मग अडलं.

अडलं म्हणजे काय, तर पान, पान आणि पान! मामा करवीरातला ऊसवाला. जिना चढून आला की पहिला प्रश्न, "काय रं, कोरफड लावलीस व्हय?" नोव्हेंबरात उसाला तुरा आला की तो हळहळतो, कारण तुरा आला की उसाची वाढ थांबली. आणि मी इथं रोज सकाळी चहाचा कप घेऊन अननसाच्या पोटात डोकावतोय, एक तुरा दे बाबा म्हणून. २०२२ चा हिवाळा गेला, २०२३ चा आला. संक्रांत झाली तरी मध्ये हिरव्या पानांशिवाय काही नाही.

मध्येच एका खताच्या दुकानात १८० रुपयांची पुडी गळ्यात मारली, "फुलाचं टॉनिक" म्हणून. घातली. पानं आणखी माजली. नत्र जास्त झालं की असंच होतं, हे मामानं पुडी उलटी करून वाचल्यावर सांगितलं. वर पाणीही मी रोज घालत होतो. अननसाला त्याची गरज नसते. हे झाड दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतं आणि कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेतं, त्यामुळे पाणी फार उडत नाही. आठवड्यातून एक-दोनदा पुरे.

मग कळलं की अडचण थंडीची आहे. अननसाला फूल धरायला गार रात्री आणि लहान दिवस लागतात, आणि झाड तेवढं थोराड झालेलं लागतं. पण इथिलीन वायू लागला तरीही ते फुलतं. १९ व्या शतकात अझोर्स बेटांवरच्या काचघरांत धुरानं अननस फुलतात हे लोकांच्या लक्षात आलं होतं. त्या धुरातही इथिलीनच. शेतकरी त्यासाठी इथेफॉन हे इथिलीन सोडणारं औषध वापरतात. माझ्याकडं एकच कुंडी, म्हणून पिकलेलं सफरचंद, तेही इथिलीन सोडतं. १५ फेब्रुवारी २०२४ ला मधल्या वाटीतलं पाणी काढलं, बुंध्याशी दोन सफरचंदं ठेवली आणि वरून मोठी प्लॅस्टिकची पिशवी बांधली. चार दिवस. आई म्हणाली, "खायची सोडून झाडाला सफरचंद?" (पिशवी बांधायच्या आधी कुंडी सावलीत न्या. मी पहिला अर्धा दिवस उन्हातच ठेवली, तर आत वाफ धरली आणि दोन पानं शिजली.)

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोटातली पानं लालसर झाली. मी खाली जाऊन आईला हाताला धरून वर आणलं, एवढं सांगितलं तरी पुरे. मग गुलाबी कणसासारखं काहीतरी वर आलं आणि त्यावर खालून वर, रोज थोडी थोडी, जांभळी फुलं उमलत गेली. एकेक फूल एकच दिवस. अननस म्हणजे त्या शे-दोनशे फुलांची फळं एकमेकांना चिकटून झालेला गठ्ठा. सालीवरचा एकेक डोळा म्हणजे एकेक फूल.

आईनं विचारलं, बी कुठं असतं मग? अननसाला आपल्याच वाणाचा पराग चालत नाही, म्हणून बी धरत नाही. हवाईत तर हमिंगबर्ड आणायलाच बंदी आहे, ते पराग फिरवून फळात बिया करतील म्हणून. आपण सगळे खातो ते शेंड्या-फुटव्यांवर वाढलेलं.

पुढचे सहा महिने सरळ गेले. फक्त घाईनं तोडू नका. आंब्यासारखा हा अढीत गोड होत नाही, कारण साखरेत बदलायला आत पिठूळ साठाच नसतो. बुडाकडून पिवळा होऊ द्या, वास येऊ द्या. आमचा दसऱ्याला कापला, सोनं लुटून आल्यावर. पाऊण किलो भरला. कुंडीतला, त्यात शेंड्याचा, म्हणून लहान. बुडाची फोड गोड, वरची जरा आंबट. आईनं तिखट-मीठ लावून वरचीच खाल्ली.

अजून एक राहिलं. लावायचाच असेल तर फुटवा मिळवा, साधारण दीड वर्षात फळ देतो. एक झाड एकदाच फळतं, पण बुडातून फुटवे काढतं. माझ्या कुंडीत दोन आलेत. मामानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "ह्याचाबी खोडवा निघतोय की!" (खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडातून फुटलेलं पुढचं पीक.) एक फुटवा तो बांधावर लावायला नेणार आहे. सफरचंदं मात्र मीच आणून द्यायची म्हणे.